शेरा कमी झाला

६ डिसेंबर १९११. चीनच्या बालसम्राटाच्या वतीने राज्य चालवणाऱ्या झायफेंगने राजमाता लुंगयूकडे राजप्रतिनिधीपदाचा राजीनामा दिला, घरी आला आणि बायकोला म्हणाला, चला, आजपासून घरी बसून पोरं खेळवायला मोकळा. बायको रडली. वाईट वाटून नव्हे, चिडून. धाकट्या मुलाला तिने बजावून ठेवलं, मोठा झालास की बापासारखा बिनउमेदीचा होऊ नकोस.

हे वाचलं की मी कायम तिच्या बाजूने असायचो. अडीचशेहून जास्त वर्षांचं चिंग घराण्याचं राज्य हातातून चाललंय आणि हा गडी म्हणतो पोरं खेळवतो! काल रात्रीपासून मात्र मी त्याच्या बाजूला जाऊन बसलोय. तिथेही काही फार बरं वाटत नाहीये.

निमित्त फुटकळ आहे. सातबाऱ्यावरचा अ.पा.क.चा शेरा, म्हणजे वयात न आलेल्या वारसाचा पालक म्हणून असलेलं माझं नाव, निघाला. पुतण्याचं, ओम्याचं नाव राहिलं, माझं गेलं. जायलाच हवं होतं, अर्ज मीच लिहून दिला होता, शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्सही मीच जोडली होती. वहिनीने मोबाइलवर नवा उतारा दाखवला, चहा पुढे केला आणि म्हणाली, "भावजी, मोकळे झालात एकदाचे." मी हसून "झालो बाबा" म्हटलं. घरी आल्यावर जेवण जाईना.

मोकळा झालो तर बरं वाटायला पाहिजे. वाटतंयही. मग तेच का टोचतंय? ती इतकं सहज म्हणाली म्हणून? की मी इतकं पटकन हो म्हटलं म्हणून? दादा असता तर... असो.

पुतण्याच्या इस्टेटीवर काका बसला की आपल्याकडे लोकांची नजर थेट शनिवारवाड्याकडे जाते. तोंडावर कोणी बोललं नाही, पण विहिरीचं काम काढलं तेव्हा पारावर काय चाललं होतं ते मला कळत नव्हतं असं नाही. मांचूंकडेही, म्हणजे चिंग घराण्याच्या लोकांकडेही, असा एक काका होऊन गेला, दोर्गोन. १६४३ मध्ये भाऊ होंग ताइजी वारला. गादीवर हा स्वतः बसू शकला असता, बसवला मात्र पुतण्याला, पाच वर्षांच्या शुन्जीला. पुढच्याच वर्षी बीजिंग घेतलं ते पुतण्याच्या नावाने, पण घोड्यावर होता काका. मांचूंसारखी वेणी राखा नाहीतर मुंडकं द्या, हा १६४५ चा हुकूमही त्याचाच. आधी 'सम्राटांचे काका' म्हणवून घेत होता, मग चक्क 'सम्राटांचे पिता'. १६५० च्या शेवटच्या दिवशी शिकारीच्या मोहिमेवर असताना मेला, आणि दोन-तीन महिन्यांत त्याच पुतण्याने त्याचे सगळे किताब काढून घेतले. काकाच्या शवपेटीत राजेशाही वस्त्रं ठेवली होती, हाही एक आरोप. नाव धुऊन निघायला १७७८ उजाडलं. तेही चियानलुंग सम्राटाने मनावर घेतलं म्हणून.

दोर्गोनचं मला कळतं. त्याला हवं होतं, त्याने घेतलं, मेल्यावर हिशेब झाला. झायफेंगचं कळत नाही. म्हणजे कालपर्यंत कळत नव्हतं.

हा काका नव्हता, सख्खा बाप होता. १३ नोव्हेंबर १९०८ ला संध्याकाळी त्याच्या वाड्यावर त्सूशी राजमातेचा हुकूम घेऊन माणसं आली. पोराला राजवाड्यात न्यायचंय. पुयी तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता. आजी बेशुद्ध पडली. पोराने किंचाळून, हातपाय झाडून सगळ्यांना जेरीस आणलं, कोणाला जवळ येऊ देईना. शेवटी दाईने त्याला छातीशी घेतलं तेव्हा तो थांबला, आणि मग तिलाही सोबत न्यायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी ग्वांगशू सम्राट गेला, तिसऱ्या दिवशी त्सूशी. ग्वांगशू म्हणजे झायफेंगचा थोरला भाऊ. त्यालाही असंच लहानपणी याच घरातून उचलून गादीवर बसवलं होतं, आणि ती बातमी ऐकून त्यांचा बाप डोकं आपटून रडला होता, शुद्ध हरपून पडला होता. एकाच घरातून दोनदा पोरगं गेलं. झायफेंगने हे ऐकलेलं असणारच. तरी तो 'नाही' म्हणाला नाही. नाही म्हणायची सोय होती कुठे?

राज्यारोहण २ डिसेंबरला. कडाक्याची थंडी, अवाढव्य सिंहासन, त्यावर एवढंसं पोर. बाप सिंहासनाखाली एका गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी त्याला धरून आहे. समोर सरदारांचे मुजरे संपता संपत नाहीत. पोरगं रडतंय, मला इथे नको, मला घरी जायचंय. बापाला दरदरून घाम. तो म्हणतो, "रडू नको, रडू नको, संपेल आता, लगेच संपेल."

दरबारी हबकले. संपेल काय म्हणतो हा? अपशकुन! आणि तीन वर्षांत खरंच संपलं, म्हणून ते वाक्य लोक आजवर हसून सांगतात. पण रडणाऱ्या पोराला माणूस दुसरं काय म्हणणार? दादाच्या दहाव्याला घाटावर ओम्या मांडीवरून उठायला बघत होता तेव्हा मीही तेच म्हणत होतो.

राज्य काही त्याला झेपलं नाही, हे खरंच. भावाला दगा दिल्याचा सूड म्हणून सेनापती युआन शिकायला १९०९ च्या जानेवारीत घरी बसवलं. कारण काय दिलं, तर पायाचं दुखणं! वुचांग शहरात क्रांतिकारकांचं बंड झाल्यावर त्याच पायदुख्या माणसाला हातापाया पडून परत आणावं लागलं. मे १९११ च्या मंत्रिमंडळात तेरापैकी नऊ मांचू, म्हणजे ज्यांना सुधारणा हव्या होत्या तेही उलटले. उलट वांग जिंगवेई या क्रांतिकारकाने याच्याच वाटेवर पुलाखाली बाँब पेरला तर त्याला मारलं नाही, जन्मठेप दिली. हा मवाळपणा होता की डोकं ठिकाणावर होतं, कोण जाणे. मला दुसरं मानायला आवडेल.

रात्री दीडला वाटलं, झायफेंग निदान खरं बोलला होता. त्याने पोरं खेळवण्याची गोष्ट केली, आणि ज्या पोरासाठी हे सगळं केलं ते तर भिंतीपलीकडे राहिलं. पुढे महिना-दोन महिन्यांतून एकदा हा मुलाचा अभ्यास बघायला राजवाड्यात जायचा. बोलताना अडखळायचा, टोपीमागचा मोरपिसांचा तुरा थरथरायचा. "छान, छान, महाराज, नीट... नीट अभ्यास करा." की दोन मिनिटांत बाहेर. स्वतःच्या मुलाला महाराज म्हणायचं. मग खेळवायला राहिलं कोण? धाकटी पोरं होती, ठीक आहे. बायको उगाच नाही रडली.

आणि माझं तर तेही नाही. मी कोण, तर...

पहाटे मात्र हसू यायला लागलं. एवढं साम्राज्य नि मी कशाची बरोबरी करतोय? तीन एकर, त्यातला अर्धा पोटखराबा! आणि झायफेंग तरी कुठे रडत बसला? तोही रोजनिशी लिहायचा. राज्य बुडाल्याचा आक्रोश त्यात शोधावा, तर उन्हाळा लागला की नेमाने केस बारीक केल्याची नोंद, हंगामाचं ताजं काय खाल्लं, कपडे कधी बदलले, आणि ग्रहताऱ्यांची मन लावून केलेली टिपणं. अभ्यासिकेत त्याने वाक्यं लावली होती: पुस्तकं असली की माणूस खरा श्रीमंत, काम नसलं की छोटा देव. क्रांतीचा पुढारी सन यत-सेन १९१२ मध्ये भेटायला आला तर त्यालाही नीट भेटला. मुलगा जपान्यांच्या नादाने मांचुकुओच्या, म्हणजे त्यांनी मांचुरियात उभ्या केलेल्या बाहुल्या राज्याच्या, गादीवर बसला, तेव्हा १९३४ मध्ये जाऊन त्याला बघून आला, त्याने राहा म्हटलं तरी राहिला नाही, तब्येतीचं कारण सांगून परतला. १९५१ मध्ये बीजिंगात वारला. दोर्गोनच्या नशिबी हे नव्हतं.

हे लिहीत असताना ओम्याचा फोन आला. पीक विम्याचा ओटीपी अजून माझ्याच नंबरवर येतोय. सांगितला. नंबर बदलून घे की लेका, तुझं राज्य आहे आता, म्हटलं. तर म्हणतो, "राहू दे काका, माझं रिचार्ज संपलेलं असतं."