पडद्यावरचे ६४ टक्के

पावसाळ्यात गोव्यात फोंड्याच्या आसपासच्या इस्पितळात तापाने फणफणलेला, डोळे लाल झालेला, अंगाने पिवळा पडलेला शेतकरी आला आणि पोटऱ्या दाबल्यावर कळवळला, की तपासणीचा अहवाल यायच्या आधीच आमच्या तोंडून ‘लेप्टो’ (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) निघतं. हे गृहस्थ कुळागरवाले, म्हणजे सुपारी-नारळाची बाग असलेले, वय ६६. पाट तुंबले की अनवाणी चिखलात उतरणारे. पायांच्या बोटांत चिखल्या, त्यातून उंदराच्या मुतातले जंतू आत शिरायला किती वेळ लागतो? इंजेक्शनं पहिल्याच दिवशी सुरू झाली. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी क्रिएटिनिन (मूत्रपिंड थकलं की रक्तात वाढतं ते) ५.८, प्लेटलेट ४० हजार, रक्तदाब औषधावर टेकलेला आणि बोलणं थोडं असंबद्ध.

मी राउंडला आलो तेव्हा आयसीयूच्या दारात अख्खं घर उभं होतं. मुलगा वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, आकड्यांतला माणूस. त्याने हात जोडून सांगितलं, “डॉक्टर, आम्ही ठरवलंय. बाबांना घरी नेतो.”

कारण पडद्यावर होतं. आमच्या आयसीयूत एका कंपनीचं सॉफ्टवेअर बसवलेलं आहे. प्रयोगशाळेचे आकडे त्यात आपोआप जातात आणि प्रत्येक खाटेच्या डोक्याशी मृत्यूची शक्यता टक्क्यांत झळकते. इथे लाल चौकटीत ६४. भेटीच्या वेळेत मुलाने त्याचा फोटो काढला होता, तो घरच्या ग्रुपवर गेला आणि रात्रभर मुंबईच्या काकांपासून पणजीच्या आत्यापर्यंत सगळ्यांनी त्यावर मतं दिली होती. चतुर्थी तोंडावर. शंभरातले चौसष्ट जाणारच असतील तर नळ्या खुपसून हाल कशाला, घरच्या माणसांत डोळे मिटू देत, असा एकंदर सूर. कुणाचंही मन काळं नव्हतं. आकडाच तसा ठसठशीत होता. आई तेवढी भिंतीला टेकून विचारत होती, “दोतोर, ते वांचतले न्हय?”

मी मुलाला आत टेबलाशी बसवलं आणि केसपेपरच्या मागे तो आकडा फोडून दाखवायला घेतला. पडदा नवा, पण त्यावरचे टक्के ‘अपाची-२’ या जुन्या सूत्राचे. ते सूत्र १९८५ साली प्रसिद्ध झालं, अमेरिकेतल्या १३ रुग्णालयांच्या ५,८१५ आयसीयू रुग्णांवरून. पहिल्या २४ तासांतल्या सर्वांत वाईट नोंदी घ्यायच्या, प्रत्येकीला गुण द्यायचे, वय आणि जुने आजार मिळवायचे. बाबांचे झाले २८. वयाचे ५. आणि एकट्या क्रिएटिनिनचे ८, कारण मूत्रपिंड अचानक बंद पडलं असेल तर त्याचे ४ गुण सूत्रात दुप्पट धरतात.

“ही दुप्पट काढली तर?” त्याने विचारलं.

“२४ गुण. टक्के ५०.”

त्याने स्वतः मोबाइलवर गणित करून पाहिलं. क्वालिटीवाला, माझ्या शब्दावर कसा विश्वास ठेवील!

पुढचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा होता. दुप्पट धरण्यामागे तर्क आहे: आयसीयूत एखाद्याचं मूत्रपिंड गेलं तर बहुतेकदा सगळ्या शरीराचाच डोलारा कोसळत असतो. लेप्टोत मूत्रपिंड वेगळ्या तऱ्हेने रुसतं. लघवी चालू राहते, पोटॅशियम वाढायच्या ऐवजी उतरतं (बाबांचं ३.२ होतं), आणि माणूस तगला तर ते बहुधा पूर्ववत होतं. सूत्राला यातलं काहीच माहीत नाही. त्याच्या निदानांच्या यादीत लेप्टो नाहीच, म्हणून तो रकाना रिकामा. काविळीचं बिलिरुबिन आणि प्लेटलेट तर ते विचारतसुद्धा नाही.

मग मी त्याला साओ पाउलोच्या डॉक्टरांचा २००७ सालचा लेख सांगितला. ब्राझीलमध्येही लेप्टो पुष्कळ. मूत्रपिंड निकामी झालेल्या लेप्टोच्या गंभीर रुग्णांना उशिरा आणि दिवसाआड डायलिसिस दिलं तेव्हा सुमारे ६७ टक्के दगावले. तातडीने आणि रोज दिलं तेव्हा १७ टक्के. रुग्ण एकूण ३३च, तेव्हा फार उड्या मारू नयेत, हेही सांगितलं. “पण आजार तोच, इस्पितळ तेच. टक्के बदलले ते आपण काय करतो त्यावर. बाबांना आत्ता घरी नेलंत तर ६४चे १०० होतील.”

“बांबोळीला, सरकारी मोठ्या इस्पितळात हलवूया का?”

“हलवू शकता. पण अँब्युलन्समध्ये हा रक्तदाब सांभाळायचा आणि तिथे पुन्हा सुरुवात करायची, त्यापेक्षा पहिलं डायलिसिस इथेच होऊ दे.”

तो बाहेर गेला. आत्याचा आवाज चढला, मग आईचा. अर्ध्या तासाने डायलिसिसच्या संमतीवर सही झाली. प्लेटलेट चढवत मानेत नळी घातली आणि हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) न घालता डायलिसिस सुरू झालं.

आता सॉफ्टवेअरला झोडपून मोकळं होण्याचा मोह होतो, पण त्या दिवसाची संध्याकाळ तसं करू देत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा बाण असतो. तो कंपनीच्या स्वतःच्या मॉडेलचा. नाडी, श्वास, ऑक्सिजन यांचा कल बघून वर-खाली वळतो. साडेपाचच्या सुमारास तो वर वळला. ऑक्सिजनचा आकडा अजून ९४ होता, बाबा शांत दिसत होते. सिस्टरने बाण बघितला आणि पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजले: ३६. (हे पूर्ण मिनिट फार मोलाचं. कितीतरी वॉर्डांत श्वासाच्या रकान्यात ओळीने १८, २०, १८, २० असं लिहिलेलं दिसतं. तेच मॉडेलला खाऊ घालायचं आणि मग त्याला नावं ठेवायची.) एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांत ढग होते, थुंकीत रक्त. लेप्टोत माणूस जातो तो पुष्कळदा असा, फुप्फुसात रक्त उतरून. व्हेंटिलेटर लावला तेव्हा त्यांच्यात थोडी ताकद शिल्लक होती. मध्यरात्री धावपळ करून लावला असता तर काय झालं असतं, ते सांगता येत नाही.

मला वाटलं, आता घरचे पुन्हा घरी न्यायचं म्हणणार. पण मुलाने भलतंच टिपलं होतं. “बाबांची तब्येत बिघडली, तरी टक्के ६४चेच?” बरोबरच होतं ते. तो आकडा पहिल्या २४ तासांवर बसतो, त्यानंतर हलत नाही. त्याने मग विचारलं, “उद्या मी काय बघू?” व्हेंटिलेटरवर ऑक्सिजन किती टक्के द्यावा लागतोय ते, आणि प्लेटलेट, असं सांगितलं. तो रोज तेवढंच विचारी. डायलिसिस रोज चाललं. दहा-बारा दिवसांत श्वासाची नळी निघाली, क्रिएटिनिन उतरलं. चतुर्थीला गणपतीच्या वर फळा-फुलांची माटोळी बांधतात, ती त्या वर्षी मुलाने बांधली. बाबा खुर्चीत बसून चुका काढत होते म्हणे.

पुढे कंपनीचा माणूस आला तेव्हा मी एकच विषय धरला. आमच्याकडे रोजच्या बोलण्यात ‘डामा’ म्हणतात, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेणं. बाबांना नेलं असतं तर नोंद झाली असती ‘डिस्चार्ज’. घरी दुसऱ्या दिवशी गेले असते, तरी सॉफ्टवेअरच्या लेखी जिवंत. आणि आकडा पाहून हातपाय गाळलेल्या घरातला रुग्ण इस्पितळातच गेला, तर मॉडेल म्हणणार, बघा, माझं बरोबर. अशा नोंदींतून शिकणाऱ्या मॉडेलचं दोन्हीकडून शिक्षण चुकीचंच. अमेरिकेत १९९०च्या दशकात जुन्या नोंदींवर न्यूमोनियासाठी शिकवलेल्या मॉडेलने दमेकऱ्यांना धोका कमी असा निष्कर्ष काढला होता. प्रत्यक्षात दमेकऱ्यांना थेट आयसीयूत घेत, म्हणून ते वाचत. उपचार आकड्यामागे असा लपून बसतो.

त्याने ऐकून घेतलं, वहीत लिहिलं. टक्के आता खाटेवर दिसत नाहीत, फक्त डॉक्टरांच्या खोलीत दिसतात; बाण खाटेवरच आहे. डामाचा रकाना वेगळा झाला, आणि महिन्याने त्या घरांना फोन करून विचारायचं काम एका सिस्टरकडे दिलं आहे. बरेच फोन लागत नाहीत. अशांच्या पुढे काय भरायचं, असं कंपनीने विचारलं. रिकामं ठेवा, म्हणालो. त्यांच्या प्रोग्रॅमला रिकामं चालत नाही, त्यावर सध्या आमची पत्रापत्री चालू आहे.