स्वतःची सुई घेऊन आलेला माणूस

सांगलीत आयसीटीसीला, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, मी काउन्सेलर आहे. आमच्या दारात येणारा माणूस बहुतेकदा दोन गोष्टींना भितो, रिपोर्टला आणि ओळखीच्या माणसाला. बाहेरच्या बाकावर सगळे मान खाली घालून बसलेले असतात ते त्यामुळंच. ज्याच्याबद्दल लिहितेय तो मात्र आमच्या सुईला भ्यायचा.

२०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणं कुणाचीही माहिती संमतीशिवाय बाहेर जाऊ देता येत नाही, म्हणून गाव, वय, धंदा बदललाय. समजा, तो खानापूर-आटपाडीकडचा गलाईवाला. तिकडची पोरं गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या कामासाठी, देशभर पांगलेली असतात, हा दक्षिणेत होता. तिथं एकदा लॉजवर गेला होता. निरोध वापरला होता. तीन महिने उलटल्यावर आमच्याकडं तपासणी केली, निगेटिव्ह आली. साखरपुडा झालेला. खरं तर विषय तिथंच संपायला हवा होता.

पुढच्याच आठवड्यात हजर. "मॅडम, त्या दिवशी माझ्या आधी जो बसला होता ना, त्याचीच सुई मला टोचली ओ."

मी त्याला टेक्निशियनच्या टेबलापाशी नेऊन सगळं दाखवलं. सीलबंद सुई, पेशंटसमोरच तोडायचं सील, वापरल्यावर सुई कापणारा हब कटर, मग टोकदार वस्तूंचा पांढरा डबा. त्यानं मन लावून बघितलं आणि विचारलं, "आणि तो रबरी पट्टा?" पट्ट्यावर तपकिरी डाग होता. आयोडिनचा असेल. पण असेल म्हणून त्याचं भागणार नव्हतं. मग ग्लोव्हज. दर पेशंटला बदलायचे हा नियम आहे, पण गर्दीच्या दिवशी तो सगळीकडं पाळला जातो असं मी कुठल्या तोंडानं सांगणार? धडधाकट कातडीतून एचआयव्ही शिरत नाही, एवढं सांगितलं. त्यानं अंगठ्याजवळची सालपटं पुढं केली.

त्याची भीती अगदी हवेतली होती असंही नाही. मोबाइलमध्ये त्यानं बातमी जपून ठेवली होती, २०१८ मधली, उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यातली. एका भोंदू डॉक्टरनं एकच सुई अनेकांना वापरली आणि गावात एचआयव्ही पसरला, असा आरोप होता. मी त्याला आकडा सांगितला. एचआयव्ही असलेल्या माणसाच्या रक्तानं भरलेली सुई टोचली, तरी लागण होते ती हजारात साधारण तिघांना. तो म्हणाला, "म्हणजे तीन आहेतच की." नऊशे सत्त्याण्णव त्याला ऐकूच आले नाहीत.

मग पुन्हा चाचणी, पुन्हा निगेटिव्ह. तिथं त्याचा हिशेब माझ्या ध्यानात आला. लागण झाली तरी ती चाचणीत दिसायला वेळ लागतो, म्हणून आम्हीच सांगतो की तीन महिन्यांनी परत या. त्यानं ते पाठ केलं होतं. आज रक्त घेतलं म्हणजे आज नवी सुई टोचली, म्हणजे आजपासून परत तीन महिने. रिपोर्ट हातात पडायच्या आधीच त्याच्या लेखी शिळा झालेला. आम्ही जितक्या चाचण्या करू तितकी मुदत पुढं सरकणार होती आणि मुदतीबरोबर लग्नाचा मुहूर्तही. घरी सांगितलं होतं, दुकानात कामगार नाहीत.

मधल्या काळात मिरजेतल्या, कोल्हापुरातल्या खाजगी लॅब झाल्या. १०९७ हेल्पलाइनवरनं तीच उत्तरं मिळाली. "तिन्ही किटवर करा," असाही हट्ट एकदा झाला. पहिल्या किटवर निगेटिव्ह आलं की आम्ही पुढच्या दोन लावत नाही, त्या पहिली रिअ‍ॅक्टिव्ह आली तर खात्रीसाठी असतात. हे समजावलं तर म्हणे, "सरकार पैसे वाचवतंय."

तो सोमवार होता, सोमवारी ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते. हा आला तो हातात मेडिकल स्टोअरची पिशवी घेऊन. आत स्वतः विकत आणलेली सुई, कोरा रबरी पट्टा, ग्लोव्हजचा जोड, स्पिरिटचे स्वॅब. सगळं सीलबंद. "आता यानं घ्या. म्हणजे शंकाच नको."

आमचे टेक्निशियन सकाळपासून उभे होते. त्यांनी पाकीट उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, "मेडिकलवाल्यानं हे उघडून परत चिकटवलं नसेल कशावरनं?"

टोमणाच होता. मला इतका राग आला की सगळ्यांसमोर बोलणार होते. पण याच्या तोंडाकडं लक्ष गेलं. पिशवी मांडीवर घेऊन तो खुर्चीत बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "रात्री मलाबी हेच वाटलं ओ. झोप नाही लागली."

त्याला माझ्या खोलीत घेतलं, दार लावलं. "आज मी तुमची चाचणी करणार नाही," मी म्हणाले. आमच्या नोकरीत हे वाक्य उलटं आहे. आमचं सगळं प्रशिक्षण माणसाला चाचणीपर्यंत आणण्याचं, आलेल्याला परत पाठवण्याचं नाही. पण याला माहिती माझ्याइतकीच होती, काही बाबतीत जास्त. माझं प्रत्येक उत्तर त्याला तासभर पुरायचं आणि पुढचा प्रश्न घेऊन यायचं. आजीच्या पिढीतली माणसं याला मंत्रचळ म्हणून मोकळी झाली असती. मानसोपचारात यावर औषध आहे, हे त्या पिढीला ठाऊक नव्हतं.

"म्हणजे मी येडा हाय का?"

"नाही. शिणलाय तुम्ही."

आमच्याच आवारातल्या मानसोपचार ओपीडीपर्यंत मी बरोबर गेले. चिठ्ठी देऊन पाठवलं असतं तर तो गेटबाहेर गेला असता, खात्री आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गुण यायला काही आठवडे लागतील म्हणून आधीच बजावलं. गोळ्यांपेक्षा त्याला जड गेला तो दुसरा भाग. चाचणी नाही, हेल्पलाइन नाही, मोबाइलवर शोधाशोध नाही. दवाखान्याच्या जिन्याचा कठडा धरायचा आणि हात न धुता घरी जायचं. भीती वर चढेल, चढू द्यायची, आपोआप उतरते का बघायचं. मलाही ताकीद मिळाली, त्यानं काही विचारलं तर "सुई नवीन होती" हे उत्तर द्यायचं नाही. ही ताकीद पाळणं मला फार अवघड गेलं. समोरचा माणूस रडकुंडीला आलेला, आपल्याला उत्तर माहीत, आणि गप्प बसायचं.

दोन अपॉइंटमेंट त्यानं चुकवल्या. नंतर दक्षिणेत परत गेला, तिकडनं डॉक्टरांशी फोनवर बोलायचा. लग्न दिवाळीनंतर झालं. लग्नाआधी एकदा तिकडच्या लॅबमध्ये चाचणी करून आला, हे त्यानंच मला फोन करून सांगितलं, चोरी कबूल करावी तसं. डॉक्टरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "आधी महिन्याला होत होती, आता सहा महिन्यांत एक. चालतंय."