बॅकलॉग अपडेट: किंगडम कम सुरू करायच्या आधी

तर मंडळी, बॅकलॉगमधला, म्हणजे घेऊन न खेळता राहिलेल्या गेम्समधला, रेड डेड रिडेम्प्शन २ एपिलॉगसकट संपवला, आता पुढचा नंबर किंगडम कम: डिलिव्हरन्सचा. पहिला भाग, २०१८ चा. दुसरा भाग २०२५ च्या फेब्रुवारीत आल्यापासून जो तो म्हणतोय डायरेक्ट तोच घे, पण दोन्हीकडे हेन्री एकच आणि गोष्ट सलग, मग मधूनच कशाला चढायचं? सेलमध्ये घेऊन ठेवलेला आहेच. अजून एकही बटण दाबलेलं नाही, कारण ह्या गेमबद्दल सगळीकडे दोनच तक्रारी ऐकू येतात: सुरुवात संपता संपत नाही, आणि तलवारबाजी जड आहे. म्हटलं आधी बघू तरी ह्यात तथ्य किती ते.

ट्रेलर मी बघतच नाही, दोन सेकंदांच्या कटमध्ये कुठलाही गेम चपळच दिसतो. मी शोधतो ते कोणीतरी न बोलता, न कापता टाकलेलं रेकॉर्डिंग. पहिला तास बघायचा, मग एकदम मधलं कुठलंतरी उघडायचं आणि त्यात बॉस फाइट नको, रस्त्यात भेटलेल्या दोन फालतू लुटारूंशी झालेली मारामारी हवी. बॉससाठी सगळेच स्टुडिओ जीव ओततात हो, पण आपण चाळीस तास (ह्याची मुख्य कथा साधारण तेवढी आहे) मारणार ते हेच फालतू लुटारू. त्यात बघायचं की खेळणारा किती वेळ वार करतोय आणि किती वेळ नुसता थांबलाय.

किंगडम कममध्ये तो बराच वेळ थांबलेला असतो! समोरच्याला लॉक करायचं (नजर त्याच्यावरच खिळवायची), पाचांपैकी एक दिशा धरायची, तो ज्या बाजूने झाकलेला नाही तिथे मारायचं, त्याचा वार येताना हिरवी ढाल चमकली की त्याच क्षणाला ब्लॉक. प्रत्येक गोष्टीला स्टॅमिना जातो, तो संपला की वार थेट तब्येतीवर, आणि तब्येत घसरली की स्टॅमिनाची पट्टीच आखूड होते, म्हणजे हरायला लागला की अजूनच हरतो. त्यात दोघं-तिघं आले तर लॉक एकावर आणि मार दुसऱ्याकडून. हेल्मेटची जाळी खाली घेतली तर अर्धा स्क्रीन काळा. बघतानाच दमायला होतं.

आता सुरुवात. १४०३ सालचं बोहेमिया, स्कालिट्झ गाव, हेन्री हा लोहाराचा पोरगा. आई उठवते, बाप कामं सांगतो: कोळसा आण, कुनेशकडची उधारी वसूल कर, गार बिअर घेऊन ये. मध्ये एक भटका शिपाई लाकडी तलवारीने दोन-चार गोष्टी शिकवतो, मित्रांसोबत एका घरावर शेण फेकायचं असतं (हो, खरंच), आणि मग हंगेरीचा राजा सिगिस्मुंड, त्याचं सैन्य येऊन गाव जाळतं. तिथे लढायचं नसतंच, पळायचं असतं. पळून जातो, आईबापाला पुरायला परत येतो, तिथेही मार खातो, वर बापाने घडवलेली तलवार हिसकावली जाते. राटाय नावाच्या गावी पोचून कॅप्टन बर्नार्डच्या हाताखाली नीट तालीम मिळेपर्यंत कित्येक तास गेलेले असतात. स्टीमचा (पीसी गेम विकणारं ऑनलाइन दुकान) रिफंड दोन तासांच्या आत खेळला असाल तरच मिळतो, तेही विकत घेतल्यापासून १४ दिवसांत, त्यामुळे इथे घेऊन बघू, नाही आवडला तर परत करू असं म्हणणाऱ्याला खरी फायटिंग दिसायच्या आधीच मुदत संपते. पडताळणी आधीच करावी लागते ती ह्यासाठी.

पण हे सगळं ओळीने बघितल्यावर मला ही सुरुवात स्लो वाटेनाशी झाली. हा पोरगा लढू का शकत नाही ह्याचं उत्तरच तर आहे ते. ज्याने आयुष्यभर घण मारला त्याच्या हातात तलवार जड पडणारच, आणि नंतर ती हलकी होत जाते ते तुम्ही आणि हेन्री दोघंही शिकता म्हणून. पोराला वाचताही येत नाही, पुस्तक उघडलं तर अक्षरं उलटसुलट दिसतात, शिकवायला लेखनिक शोधावा लागतो. म्हणजे संथपणा एकाच मापाचा आहे, कथेतही आणि हातातही.

रेड डेडचं तसंच होतं. सुरुवातीच्या कोल्टर ह्या डोंगरातल्या गावच्या बर्फातली ती सहा मिशन्स लोक शिव्या देत खेळतात, घोड्याचे पाय रुतलेले, कॅम्पमध्ये आर्थर (त्यातला हिरो) पळत नाही. पण तिथली बंदूकही तशीच आहे ना, लिव्हरवाल्या रायफलला गोळी सुटली की पुढच्या गोळीसाठी पुन्हा ट्रिगर दाबून लिव्हर ओढावी लागते. ज्याला बर्फ जमला त्याला पुढचं सगळं जमतं.

उलट केस फायनल फँटसी १३. तिथे पहिल्या मिनिटापासून धडाम-धुडूम, पण पॅराडाइम शिफ्ट, म्हणजे लढताना अख्ख्या टीमच्या भूमिका एका झटक्यात बदलणं, ज्यावर अख्खी लढाई उभी आहे ती गोष्ट, तिसऱ्या चॅप्टरमध्ये मिळते, आणि मोकळं मैदान अकराव्यात, एकूण तेरापैकी! तोवर बोगद्यातून चालायचं आणि ऑटो-बॅटल (वार गेमच निवडतो) दाबायचं. दिसायला फास्ट, पण मला तो जास्त स्लो वाटला, कारण तिथे थांबायला लावण्याचं कारण गेमकडे नाहीच. चाहत्यांनी इथे भांडायला यावं, मी आहे.

अजून एक सवय सांगतो. स्टीमवर अंगठा खाली असलेले रिव्ह्यू तासांसकट दिसतात, ते मी दोन ढिगांत वाचतो, थोडे तास खेळलेले आणि भरपूर खेळलेले. किंगडम कमचा पहिला ढीग ओरडतो की कंट्रोल्स भंगार, काही जमतच नाही. दुसरा ढीग म्हणतो की मास्टर स्ट्राइक (वार अडवून लगेच उलटा वार) शिकलं की सगळं फारच सोपं, समोरच्याने मारायची वाट बघा, बटण दाबा, मेला. तक्रार उलटी झालीये म्हणजे मधल्या काळात खेळणाऱ्याचा हात बसलाय. दोन्ही ढिगांत एकच तक्रार असती तर मी गेम अनइन्स्टॉल केला असता. मास्टर स्ट्राइकचं मात्र खटकतंय, ते बर्नार्ड शिकवतो, मी मुद्दाम उशिरा शिकणार आहे, शत्रू वापरतात ते वापरू देत.

सेव्हचं पण बघून ठेवलं. हवं तेव्हा सेव्ह करायला सेव्हियर श्नॅप्स नावाची दारू लागते, नाहीतर आपल्या पलंगावर झोपा नाहीतर क्वेस्टच्या (गेममधल्या कामगिरीच्या) ऑटोसेव्हवर भरवसा ठेवा. पॅचने सेव्ह करून बाहेर पडायची सोय आली ते बरं झालं, मी रात्री जेवण झाल्यावर तासभरच बसतो. पण आमच्याकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल नेम नाही आणि यूपीएस पीसीला जेमतेम पाच मिनिटं धरतो, त्यामुळे लांब मारामारीच्या आधी एक बाटली पिऊनच जाणार.

प्लॅन असा आहे: कुनेशकडून पैसे बोलून, चोरून किंवा मित्रांना घेऊन जाऊन पण काढता येतात, पण मी सरळ हाणामारी करणार, हरलो तरी चालेल, हात कसा वाटतो ते तिथेच कळेल. राटायला पोचलो की आधी बर्नार्ड, बाकी क्वेस्ट नंतर. तलवार की गदा हे त्या मैदानात ठरवेन, चिलखतवाल्यांवर गदा बरी पडते असं रेकॉर्डिंगमध्ये तरी दिसलं. ज्यांनी खेळलाय त्यांनी एवढंच सांगा, कंट्रोलर की माऊस? कुलपं उघडायला कंट्रोलरवर जाम त्रास होतो असं ऐकलंय, पण दिशा धरायला मला स्टिकच बरी वाटतेय. कथेतलं काही फोडू नका प्लीज.