म्यानासकट पाते

फिलिपीन्समध्ये मनिलाहून बसने बातांगास प्रांतातल्या ताआल गावी पोहोचायला मला जवळजवळ तीन तास लागले. १७५४ साली ज्वालामुखीच्या उद्रेकात जुने गाव उद्ध्वस्त झाले आणि लोक समुद्राकडच्या या उंचवट्यावर येऊन वसले. मी मात्र आलो होतो बालिसोंगसाठी. दोन भागांत उघडणाऱ्या मुठीतच पाते मिटवून ठेवणारी ही सुरी म्हणजे माझ्या संग्रहातला एकमेव असा प्रकार, ज्याला वेगळे म्यान लागत नाही, कारण मूठच त्याचे म्यान होते.

गावातल्या एका पांदाईच्या, म्हणजे लोहाराच्या, भट्टीपाशी मी दुपारभर बसलो. जुन्या गाड्यांचे कमानपाटे तापवून, ठोकून तो इताक घडवत होता. इताक म्हणजे नारळ सोलण्यापासून झुडपे तोडण्यापर्यंत शेतकऱ्याच्या सगळ्या कामांना लागणारा लांब सुरा. पाते तयार झाल्यावर त्याने लाकडाच्या दोन फळ्या घेतल्या, पात्याची आकृती दोहोंवर आखून आतून कोरली, आणि फळ्या जुळवण्याआधी पाते पुनःपुन्हा त्यात ठेवून पाहिले. कुठे अडते ते लाकडावर उमटलेल्या काळसर खुणेवरून त्याला कळत होते. तेवढाच भाग तो पटाशीने हलकेच काढी. शेवटी वेताच्या पट्ट्यांनी म्यान आवळून बांधले. त्याला तिथे कालुबान म्हणतात.

ही मेहनत पाहिल्यापासून म्यानाविना सुरा घेणे मी सोडून दिले आहे. आधी माझी एकदा फसगत झाली होती. मनिलात एका दुकानातून ‘जोडी’ म्हणून घेतलेल्या जुन्या बोलोचे, म्हणजे इताकसारख्याच सुऱ्याचे, पाते म्यानात निम्म्यावरच अडकले, आणि घरी नीट पाहिल्यावर म्यान दुसऱ्याच, अरुंद पात्यासाठी कोरलेले निघाले. तेव्हापासून मी पाते सावकाश आत सरकवून पाहतो, म्यानाच्या तोंडाशी घासून गुळगुळीत झालेली कड बोटाने चाचपतो, आणि वेत नंतर बदललेला असेल तर तसे नोंदवून ठेवतो.

मनिलाच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात मोरो, म्हणजे दक्षिण फिलिपीन्समधल्या मुस्लिम, लोकांची शस्त्रे पाहताना हेच निकष कामी आले. सुलू बेटांवरच्या ताउसुग या मोरो जमातीचे बारोंग हे शस्त्र पानासारखे रुंद असते, त्याचा पाठीकडचा भाग जाड, आणि मूठ काकाकुवाच्या डोक्यासारखी घडवलेली. अशा रुंद पात्याला म्यानही दोन चपट्या, रुंद फळ्यांचेच लागते, त्यामुळे पाते नसले तरी नुसत्या म्यानावरून आत काय असावे ते ओळखता येते. आपल्या कोकणात कोयता कमरेच्या लाकडी आकडीत उघडाच अडकवतात. तो पाहत वाढलेल्या मला ही म्याने विशेष वाटतात, हे मला मान्य आहे.

ताआलहून मी एक लहान इताक आणला. त्याची मूठ काराबाव म्हशीच्या शिंगाची आहे, आणि म्यानावरच्या वेताला अजून ताज्या गवतासारखा वास येतो.