बंद फ्लॅटला पूर्ण मेंटेनन्स का? तुम्ही विचारलंत म्हणून

गणपतीत विचारता, शिमग्यात विचारता, मे महिन्यात आंबे उतरवता उतरवता जिन्यात विचारता, आणि उरलेलं वर्षभर मुंबईहून फोनवर विचारता. "आम्ही वर्षातनं पंधरा दिवस येतो, पाणी वापरत नाही, लिफ्ट वापरत नाही, मग आम्हाला पूर्ण मेंटेनन्स कशाला?" दर वेळी जिन्यात उभं राहून अर्धंमुर्धं उत्तर देते आणि दर वेळी समोरच्याला वाटतं की सेक्रेटरी टाळतेय. म्हणून आज एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी नियमाचं, ते थोडक्यात. लिफ्टचा खर्च ती लिफ्ट असलेल्या बिल्डिंगमधल्या सगळ्या सभासदांवर सारखा पडतो, कोण चढतं कोण नाही हे बघायचं नसतं. वॉचमन, जिन्यातले दिवे, झाडलोट, ऑडिट हे सेवाशुल्क पण फ्लॅटमागे सारखंच. सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के, तो घर उघडं असो वा बंद. पाण्याचं तेवढं घरातल्या नळांच्या संख्या-आकारावर मोजतात. आणि हो, नुसतं कुलूप आहे म्हणून तुमच्याकडून जास्तही घेत नाही, फ्लॅट भाड्याने दिलात तरच बिनभोगवटा शुल्क लागतं आणि तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. हे आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नियमावलीत आहे, मी बनवलेलं नाही.

पण मला माहितीये की तुमचा प्रश्न नियमाचा नाहीये. तुमचं म्हणणं असं, की इथे राहणारे मजा करतात आणि पैसे आम्ही भरतो. या वर्षी तर जास्तच ऐकलं, कारण काम पण जास्त झालं. गच्चीवर शेड घातली, पावसाचं पाणी फिल्टरमधून बोअरकडे सोडलं, ओल्या कचऱ्याचा खड्डा मागे नेला, कोजागिरीला दूध आटवलं, २६ जानेवारीला सत्यनारायण, पोरांची कॅरम स्पर्धा. कोजागिरी-कॅरमला सोसायटीच्या खात्यातला एक रुपया लागलेला नाही, वर्गणी काढली होती, कुणालाही वह्या दाखवीन. शेडचं आणि पाण्याचं मात्र तुम्हाला सांगायलाच हवं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, तर आपल्या गच्चीच्या तीनशे चौरस मीटरवर नऊ लाख लिटर पाणी पडतं, आणि एप्रिल-मेमध्ये आपणच टँकरच्या मागे धावतो, कारण आपला जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, सगळं सड्यावरनं, म्हणजे या कातळाच्या पठारावरनं, खाली समुद्राला. आणि टँकर येतात नेमके तेव्हा, जेव्हा सगळे बंद फ्लॅट उघडलेले असतात, प्रत्येक घरात आठ-दहा माणसं, पोरं दिवसातनं दोनदा आंघोळ करतायत. यात तक्रार नाहीये माझी, घरं त्यासाठीच आहेत. पण पाणी वापरत नाही असं तरी म्हणू नका.

आता ते बंद फ्लॅटच्या गळतीचं प्रकरण. ज्यांना अर्धवट माहितीये ते अर्धवट सांगतात, म्हणून सविस्तर लिहिते. माणसांची नावं घेणार नाही.

२०२५चा पाऊस आठवतोय ना, ७ जून सोडा, २५ मेलाच मान्सून कोकणात आला. आपण बाल्कन्यांचे पाइप मेच्या शेवटच्या आठवड्यात साफ करून घेतो, त्या वर्षी तो आठवडाच मिळाला नाही. तिसऱ्या मजल्यावरचे सभासद आदल्याच आठवड्यात मुंबईला परतले होते. त्यांनी बाल्कनीत आंब्याची अढी घातली होती, म्हणजे आंबे पिकायला पेंढ्यात ठेवले होते, आंबे नेले आणि पेंढा तिथेच राहिला. घाईत राहतो, कुणाचाही राहिला असता. तो पेंढा भिजून पाइपच्या तोंडाशी जाऊन बसला. बाल्कनी भरली, पाणी उंबरा ओलांडून हॉलमध्ये, आणि तिथून खाली, दुसऱ्या मजल्यावर गुरुजींच्या घरात.

रात्री गुरुजींचा फोन आला की पंख्याच्या हुकातनं पाणी पडतंय. मी गेले तेव्हा वायरिंगच्या पाइपातनं धार लागली होती, म्हणून आधी मेन स्विच बंद केला. अंधार. वर जाऊन बघतो तर दाराच्या फटीतनं पाणी बाहेर येतंय आणि दाराला कुलूप. फोन लावला. ते म्हणाले, मी येईपर्यंत कुलूप तोडायचं नाही. चावी इथे कुणाकडे नाही. शेजारच्या बाल्कनीतनं पलीकडे जाता येतं का बघितलं, त्या पावसात कुणालाही तिसऱ्या मजल्यावर कठड्यावर चढू देणं शक्य नव्हतं. परत फोन, परत तेच. सकाळच्या गाडीने बसतो, तोपर्यंत थांबा. खाली आम्ही बादल्या लावतोय, सतरंज्या टाकतोय, गुरुजी पुस्तकांची कपाटं ओढायला बघतायत आणि मी त्यांना धरून बसवतेय. गुरुजींच्या बायकोला, आपल्या काकींना, मात्र स्वयंपाकघरात तांदळाचा डबा आणि वर्षाची आमसुलं, कुळीथ, फणसाची साठं होती त्यांची काळजी, कुणाचं लक्ष नाही बघून त्या अंधारात उठून गेल्या. पडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

मनगट मोडलं. त्या पावसात रिक्षा मिळवून हॉस्पिटलला नेलं. तिथूनच मी तिसरा फोन केला, काय बोलले ते इथे लिहीत नाही, आणि मग ते म्हणाले, तोडा. पहाटे सुताराला उठवून आणलं, कोयंडा काढला, व्हिडिओ कॉल चालू ठेवून आत गेलो. पेंढा हाताने ओढून काढला आणि दहा मिनिटांत बाल्कनी रिकामी झाली.

मला विचारतात, आधीच का नाही तोडलंत? कारण घर दुसऱ्याचं होतं आणि मालक नाही म्हणत होता. आजही कुणी नाही म्हणत असताना त्याचं दार मी तोडणार नाही. पण काकींचं मनगट आता नीट वळत नाही, भाकरी थापता येत नाही, हे माझ्यासमोर असतं, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र कशा ठेवायच्या ते मला कुणी सांगितलेलं नाही.

ऑगस्टमध्ये गणपतीत वार्षिक सभा ठेवली. ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते आणि तेव्हा तुम्ही सगळे असता. त्या सभेत तिसऱ्या मजल्यावरच्या याच सभासदांनी हा मेंटेनन्सचा प्रश्न काढला आणि सोबत फाइलमधलं एक जुनं पत्र वाचून दाखवलं. ते पत्र माझं होतं. ठाण्यात नोकरीला असताना, माझा फ्लॅट बंद असताना, मी कमिटीला लिहिलेलं. 'ज्या सुविधांचा मी उपभोग घेत नाही त्यांचा भार माझ्यावर का?' सभासदाला कागद बघायचा हक्क आहे, त्यांनी तो वापरला, माझं काही म्हणणं नाही. सगळी सभा माझ्याकडे बघत होती.

तर त्या पत्राबद्दल. ते लिहिणारी बाई खोटं बोलत नव्हती. होम लोनचा हप्ता, लोकलचा पास, मुलीची फी, आणि गावाकडे एक घर ज्याची चावी पर्समध्ये घेऊन ती फिरायची. तिला वाटायचं की आपण तिकडे नसतोच तर तिकडे आपलं काही घडतही नाही. मी आज तिला म्हणेन की बाई गं, बंद घर पण म्हातारं होतं, खारा वारा त्याच्याही सळया खातो, आणि राहत्या घराला निदान गळती लगेच कळते. ती मला म्हणेल की मग पावसाळ्याआधी माझं घर उघडून बघायची जबाबदारी तू घेतेस का, मेंटेनन्समध्ये ते धरलंय का? नाही, तेव्हा धरलेलं नव्हतं. सभेत मी एवढंच म्हणाले की पत्र माझंच आहे. पुढे चर्चा चहावर गेली.

आणि आता यावर आणखी एक. दिवाळीनंतर गुरुजींचा मुलगा त्या दोघांना पुण्याला घेऊन गेला. घराला कुलूप लागलं. गेल्या महिन्यात त्याचा मेसेज आला, अतिशय सभ्य शब्दांत, की आई-बाबा आता तिकडे राहत नाहीत, लिफ्ट-पाणी वापर नाही, तर मेंटेनन्समध्ये काही सवलत होईल का. ज्या घराने बंद फ्लॅटमुळे सगळ्यात जास्त सोसलं तेच घर आता बंद फ्लॅट झालंय. नियम तिथे पण तोच, म्हणून बिल पूर्णच पाठवलंय. पाठवताना बरं वाटलं नाही.

शिमग्यात पालखीला सगळे येणार आहात, तेव्हाच विशेष सभा घेतेय. विषय दोन. सवलतीवर मोकळेपणी बोला, पण उपविधींतली वाट दाखवून बोला. दुसरा विषय, प्रत्येक बंद फ्लॅटची एक चावी सीलबंद पाकिटात ऑफिसच्या कपाटात, दोन सभासदांच्या सह्यांशिवाय न उघडणारी, आणि मेच्या मध्याला बाल्कनी-बाथरूमची पाहणी सोसायटीच्या खर्चाने. काही जणांनी चावी दिलीय, बरेच जण विश्वास नाही म्हणतात. विश्वास नसेल तर सभेत तोंडावर सांगा, मला चालेल, पण येताना चावीची एक कॉपी करून आणा.