पिच ब्लॅक बघायला डार्विनला जाताय? कॅथरीन गावाच्या नादी लागू नका

पिच ब्लॅक म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या वायुदलाचा अनेक देशांसोबतचा हवाई सराव. पहिले एक गोष्ट पक्की करून घ्या, आपली सुखोई डार्विनच्या तळावर होती, टिंडलच्या तळावर नाही. मला नागपुरातूनच एकाने छातीठोकपणे सांगितलं होतं की टिंडलला जा, गर्दी नसते, कुंपणापाशी उभं राहून सगळं दिसते. मी ऐकलं आणि पूर्ण दिवस घालवला.

जुलै 2024 चा सराव, 20 देश, 140 च्या वर विमानं, आपली चार सुखोई-30 एमकेआय आणि सोबत मालवाहू सी-17, हवेत इंधन भरणारं आयएल-78. टिंडल कॅथरीनजवळ, डार्विनहून 320 किलोमीटर. गाडी भाड्याने घेतली, स्टुअर्ट हायवेला लागलो, तिथे दोन तास उन्हात उभा राहिलो, लांबून आवाज आले पण सुखोई एकही नाही.

खरा त्रास परतताना. त्या रस्त्यावर 130 ची लिमिट आहे आणि 50 मीटरच्या वर लांबीचे रोड ट्रेन, म्हणजे मागे ट्रेलर जोडलेले लांबलचक ट्रक, धावतात, शेजारून गेला की गाडी अक्षरशः ओढल्यासारखी होते. अ‍ॅडलेड रिव्हरच्या पुढे अंधार पडला आणि हेडलाइटमध्ये रस्त्याच्या मधोमध एक वॉलबी, म्हणजे छोटा कांगारूच, हलेचना, डोळे चमकून राहिले होते, ब्रेक मारला तेव्हा बोनेटपासून हातभर दूर असेल. माझे हात थरथरत होते. अंधार पडल्यावर तिकडे गाडी चालवू नका म्हणजे नका.

त्यावर गाडीवाल्याने दीडशे डॉलर जास्तीचे कापले, म्हणजे आपले आठ हजारांच्या वर. दिवसाला फक्त 100 किलोमीटर फ्री होते, हे काउंटरवर कोणी तोंडाने सांगितलं नाही, कागदात बारीक अक्षरात. तुम्ही आधीच लेखी विचारून घ्या, किलोमीटरचंही आणि शहराबाहेर रात्री चालवलं तर इन्शुरन्स लागू राहते का तेही.

डार्विनच्या मिंडिल बीचवरचा फ्लायपास्ट छान झाला, जा.

पण पैसे वसूल झाले ते डार्विन तळाच्या कुंपणाबाहेर. तिथली मुख्य धावपट्टी प्रवासी विमानंही वापरतात, त्यामुळे वाट बघावी लागते, आणि मग अचानक सुखोई, नाकामागे ते छोटे पंख, शेपटीवर तिरंगा, दोन्ही इंजिनांच्या मागे ज्वाळा, छाती आतून हलते हो! आपल्या नाशिकजवळच्या ओझरला जुळणी होते या विमानांची, डोळे भरून आले. बाबांची सारी नोकरी वायुसेनानगरात गेली, त्यांना फोन लावला, तिकडे दुपारचा एक वाजला होता, नुसता आवाज ऐकून म्हणाले, "सुखोई आहे ना रे?"

सराव दर दोन वर्षांनी असतो. कोणती विमानं कोणत्या तळावर, हे वायुदलाच्या निवेदनात वाचूनच हॉटेल बुक करा, हॉटेलं तेव्हा ऐन सीझनची महाग असतात. नागपूरहून मुंबई, सिंगापूर, डार्विन असं गेलो, व्हिसाला वेळ ठेवा. सोबत लहान पोरं असतील तर कानाचे बोळे विसरू नका. रात्रीही उड्डाणं होतात, सरावाचं नावच त्यावरून पडलंय, तेव्हा संध्याकाळ झाली म्हणून कुंपणापासून हलू नका.