गुंडीचा गळा

आईच्या माहेरची पाण्याची पितळी गुंडी भंडाऱ्याजवळच्या गावाहून मी नागपूरला आणली. काठ एका बाजूने चेपलेला, झाकण बसेना. घरी लाकडी हातोडा होता. तरी एकदम गुंडीवर हात टाकायची हिंमत झाली नाही, म्हणून आधी एका जुन्या लोट्यावर सराव केला.

लोट्याचं तोंड जरा आत घ्यायचं होतं. पहिली दहा मिनिटं पितळ छान दबत गेलं. मग आवाज बदलला. आधी 'थप्प' यायचा, तो 'टण्ण' यायला लागला आणि हातोडा उसळू लागला. मी जोर वाढवला. काठापासून खाली बोटाच्या पेरभर लोटा फाटला.

तो घेऊन इतवारीत पितळेचं काम करणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांनी फाटलेल्या जागी नख फिरवलं. "किती ठोकून राहिले भाऊ त्याले? थकलं ना ते."

ठोकून ठोकून पितळ कडक होत जातं. ते पुन्हा मऊ करायचं तर भाजावं लागतं. मी सकाळी भाजायचा गॅस टॉर्च पेटवायला निघालो, तर काका म्हणाले, संध्याकाळी या. उजेडात रंग कळत नाही. दिवेलागणीला कळला: विझत आलेल्या निखाऱ्याचा मंद लाल. त्याच्या पुढे नारिंगी होऊ द्यायचं नाही. फार तापलं की त्यातलं जस्त उडून पांढरा धूर निघतो, आणि तो छातीत घेऊ नये. तापलेलं पितळ त्यांनी सरळ पाण्यात बुडवलं तेव्हा मी दचकलो. पोलाद असं बुडवलं तर कडक होतं. पितळ मऊच राहतं.

गुंडीचा गळा तेवढा मऊ हवा होता, पोट कडकच राहायला हवं होतं. म्हणून गळ्याच्या खालपर्यंत पाणी भरलं आणि वरून आंच दिली. बंदुकीच्या काडतुसाची पितळी पुंगळीही तोंडाशीच अशी भाजतात, बूड कडक ठेवतात.

पुंगळ्यांवरून काकांना मी एक गोष्ट सांगितली, कारण गळ्याखाली केसासारखी एक चीर होती आणि ती ठोकण्याची नव्हती. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकायच्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळात राहून गेलेला ताण, या तिघांचं ते काम होतं. 1921 मध्ये त्याचा उलगडा झाला. आमची गुंडी कित्येक वर्षं गोठ्याच्या माळ्यावर पडून होती. काका बराच वेळ त्या चिरेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणून गोठ्यातली भांडी तडकून येतात काय!" त्यांनी आयुष्यभर अशी भांडी डाख देऊन झाळली होती. कारण त्या दिवशी कळलं, याचा त्यांना झालेला आनंद मला अजून आठवतो.

सात वेळा भाजली. दोन भाजण्यांच्या मध्ये हलके, गोल फिरत जाणारे ठोके. आवाज चढला की थांबायचं. काठ हळूहळू वर्तुळात आला. चीर काकांनीच झाळून दिली. मग चिंचेने घासली.

रात्री गुंडी काठोकाठ भरून वर्तमानपत्रावर ठेवली, वर झाकण. सकाळी सगळ्यात आधी कागद चाचपला. कोरडा होता.